एकट्या झाडाची गर्दी

जळगावहून धुळ्याला जाताना एकटी झाडं पुष्कळ दिसतात. एरंडोल सुटलं की एक निंब, पारोळ्याच्या पुढे एक चिंच, मुकटीच्या आसपास नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात कुठलंतरी एक, ज्याची जात गाडीतून ओळखू येत नाही. गाडीची काच वर असते, आत एसी असतो आणि माणसाला वाटतं, काय हा एकांत! हा एकांत ताशी ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्यालाच दिसतो. गाडी थांबवून, बांधाबांधाने चालत त्या झाडापर्यंत गेलं की तिथे माणूस निघतो. माणूस नसला तर शेळ्या निघतात, आणि शेळ्या असल्या म्हणजे खोडाच्या पलीकडच्या अंगाला माणूस झोपलेला असतो.

हे ज्ञान मला आमच्या मास्तरांमुळे झालं. मास्तर चित्रकलेचे. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रॅच्युइटीचा एक घास कॅमेऱ्याला भरवला आणि उरलेलं आयुष्य एकट्या झाडांचे फोटो काढण्यात घालवायचं ठरवलं. कला त्यांची, गाडी माझी आणि ट्रायपॉड वाहण्याचं काम वयाने लहान म्हणून माझंच. घरच्यांना दोघांच्याही जाण्याने बरं वाटतं, त्यामुळे छंद चालू राहिला आहे.

मास्तरांच्या झाडाला अटी फार. झाड एकच हवं. मागे आभाळ मोकळं हवं. फांद्यांचा तोल हवा, पण दोन्ही बाजू सारख्या नकोत. सारख्या झाल्या की ते झाड सरकारी रोपवाटिकेतलं वाटतं. फ्रेमच्या तीन भागांपैकी एका भागात झाड आणि उरलेल्या दोन भागांत काहीही नको. हे 'काहीही नको' प्रकरण सर्वांत अवघड. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी वाहते. इतक्या सपाट मुलखात 'काहीही नको' सहज मिळायला हवं. प्रत्यक्षात विजेचा खांब मिळतो. खांब टाळावा तर तार मिळते, तार टाळावी तर मोबाईलचा टॉवर. साक्रीकडे गेलं तर ब्राह्मणवेल-छडवेलच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची अशी दाटी आहे की झाड त्यांच्यात अंग चोरून उभं असतं. जमिनीकडे पाहावं तर ठिबकच्या काळ्या नळ्या. ज्या जळगाव जिल्ह्याने देशाला ठिबक विकलं तिथे त्या टाळणार तरी कशा?

रावेर-यावलकडे प्रश्न मुळातच मिटतो. तिथे केळी. केळीचं खोड एकटं उभं राहिलेलं कुणी पाहिलेलं नाही. बागेत ओळीने आणि ट्रकमध्ये घडाने, एवढेच तिचे दोन प्रकार. शिवाय वनस्पतिशास्त्राप्रमाणे केळ हे झाडच नव्हे, ती मोठ्या देहाची शाकीय वनस्पती. तिचं खोड म्हणजे पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी. हे मास्तरांनी एकदा रावेर तालुक्यात एका बागाईतदाराला समजावून सांगितलं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, केळी ट्रकने दिल्लीकडे जाणारी, आणि हा पाहुणा म्हणतो हे झाडच नाही. बागाईतदाराने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत सोबत आला. आम्ही नक्की गेलो याची खात्री करायला आला असावा.

झाड एकटं का आहे, हा प्रश्न फोटोवाले विचारत नाहीत. शेतकऱ्याकडे त्याचं उत्तर तयार असतं : बाकीची तोडली. झाडाच्या सावलीत कपाशी नुसती उंच होते, बोंडं धरत नाही. झाडावर पाखरं बसतात आणि ज्वारीवर उतरतात. मुळं पिकाचं पाणी ओढतात, ट्रॅक्टर वळवायला फांदी आडवी येते. बांधावर एवढे अपराध करून जे झाड उभं राहिलेलं असतं, ते वशिल्यानेच. एखाद्या निंबाला विहिरीचा वशिला असतो. मोट गेली, बैल गेले, तरी मोटार चालू करून बसायला जागा लागते. एखाद्या चिंचेला देवाचा वशिला असतो. तिच्या बुडाशी शेंदूर लावलेला दगड असतो, तिला हात लावायचं धाडस गावात कुणी करत नाही. एखाद्या आंब्याला नावाचा वशिला असतो. गावरान आंब्याला माणसासारखं नाव असतं, शेंद्र्या, खोबऱ्या, गोटी. आणि आजोबांनी नाव ठेवलेलं झाड नातवाला एकदम तोडवत नाही. तो ते पुढच्या वर्षी तोडायचं ठरवतो.

पण सर्वांत भक्कम वशिला भांडणाचा.

एरंडोल तालुक्यात बांधावरचा एक निंब मास्तरांच्या मनात भरला. देखणं झाड. दोन्ही बाजूंना मोकळं रान, खांब नाही, तार नाही, आणि सकाळच्या त्या वेळी खरोखरच कुणी नव्हतं. मास्तरांनी ट्रायपॉड लावला न लावला तोच दोन दिशांनी दोन माणसं आली. सख्खे भाऊ. वाटणी झालेली, बांध कुणाचा यावर दावा चालू. दोघांनीही आम्हाला मोजणीवाले समजून आधी हात जोडले. नसल्याचं कळल्यावर हात खाली घेतले, पण कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही. मग एकेकाने मास्तरांना बाजूला घेतलं. गंमत अशी, की धाकट्याच्या शेतात उभं राहून फोटो काढला तर निंबामागे थोरल्याचं रान येतं आणि झाड थोरल्याचं दिसतं. थोरल्याच्या शेतातून काढला तर ते धाकट्याचं दिसतं. म्हणजे ज्याला झाड आपलं दाखवायचं, त्याला फोटो हवा तो भावाच्या शेतातून काढलेला. आणि भावाच्या शेतात पाय ठेवायची दोघांनाही चोरी. मास्तर मात्र त्रयस्थ. त्यांनी दोन्हीकडून फोटो काढले आणि शिक्षकी पेशाला जागून दोघांनाही दोन्ही फोटोंच्या प्रती दिल्या. पुढे कळलं की दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपापल्या सोयीची प्रत कागदपत्रांना जोडली आहे. मास्तरांची कला एवढ्या गांभीर्याने आजवर दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही. दावा चालू आहे तोवर निंबाच्या फांदीलाही कुणी कुऱ्हाड लावू शकत नाही. निकाल लागला की झाड जाईल, हे दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितलं. भावांचं एवढ्या एकाच बाबतीत एकमत आहे.

धुळ्याकडच्या रानात मोजणीपेक्षा वेगळी शंका येते. पूर्वी सहा नंबरचा आणि आता त्रेपन्न नंबरचा जो महामार्ग आहे, तो चौपदरी होताना कडेची जुनी झाडं गेली. जाण्याआधी कुणीतरी येऊन त्यांच्या खोडांवर रंगाने नंबर टाकून गेलं होतं. तेव्हापासून झाडाकडे निरखून पाहणारा परका माणूस कशासाठी आलेला असतो, हे इथल्या पोरांनाही कळतं. त्यात तिवईवर यंत्र लावलेलं असलं तर विचारायलाच नको.

"काय करी ऱ्हायनात भाऊ?"

"झाडाचा फोटो काढतोय, बाबा."

"कसाले?"

या प्रश्नापाशी मास्तर दरवेळी अडतात. प्रकाश, अवकाश, तोल हे सगळं चित्रकलेच्या तासाला सांगता येतं. डोक्यावर टॉवेल टाकून उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाबांना सांगता येत नाही. "चांगलं दिसतं म्हणून," मास्तर म्हणाले. बाबांनी वळून झाडाकडे पाहिलं. जन्मापासून ते तिथेच होतं. त्यांनी पुन्हा आमच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "रस्ता आठून जाई का?"

नाही म्हटलं तर विश्वास बसत नाही. नाही म्हणायलाच तर सरकार माणसं पाठवतं, असा बाबांचा अनुभव. भूसंपादनात जमिनीचं मोल वेगळं आणि झाडांचं वेगळं होतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक. तेव्हा त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि शेतभर फिरवलं. विहिरीवरची सीताफळं दाखवली, बांधावरचा बोर दाखवला, आणि शेवटी गुडघ्याएवढ्या लिंबाच्या रोपाजवळ थांबून म्हणाले, "हाई बी लिखी ल्या." मास्तरांनी त्या रोपाचा फोटो काढला. मागे आभाळ मोकळं, आजूबाजूला काहीही नाही, तिसऱ्या भागात रोप. सगळ्या अटी पाळणारं एवढं एकच झाड आम्हाला त्या दिवशी मिळालं.

माणसांची ही अडचण कायमची सोडवली ती चाळीसगावच्या केकी मूस यांनी. मूस यांचा जन्म १९१२ चा. मुंबईचे पारशी, विलायतेत शिकून आलेले; आणि चाळीसगावला स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात जाऊन बसले ते जवळजवळ पन्नास वर्षं तिथून क्वचितच बाहेर पडले. एका मुलीने येईन असं वचन दिलं होतं, म्हणून ते रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला दारं उघडी ठेवत, ही गोष्ट चाळीसगावात रिक्षावालाही सांगतो. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यांची टेबल-टॉप छायाचित्रं. या प्रकारात माणूस रानात जात नाही, रान टेबलावर आणतो. वाळकी काडी म्हणजे झाड, पीठ किंवा मीठ म्हणजे बर्फ, कापूस म्हणजे ढग, बाजूने लावलेला दिवा म्हणजे सूर्य. कॅमेरा जवळ नेला की काडीची उंची कळेनाशी होते आणि बघणारा म्हणतो, वा, कुठला हा प्रदेश? मूस यांना या कलेने देशोदेशीची पदकं मिळवून दिली. १९८९ साली ते गेले. बंगल्यात आता त्यांचं कलादालन आहे. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचा पारा असताना चाळीसगावात बसून बर्फ पाडणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. त्याच्या झाडाखाली शेळी आली नाही, त्याच्या सूर्याने घाई केली नाही आणि त्याला 'कसाले' असं कुणी विचारलं नाही. मास्तरांना मी हा मार्ग सुचवला होता. त्यांच्या घरी टेबल एकच आहे आणि त्यावर शिवणयंत्र आहे.

दुसरा सोपा मार्ग कवितेचा. बालकवी धरणगावचे, म्हणजे जळगाव जिल्ह्यातलेच. त्यांनी आठ ओळींत एक औदुंबर असा बसवला आहे की महाराष्ट्राला तो अजून उठवता आलेला नाही. पण कवितेत तार पुसावी लागत नाही, ती लिहिलीच नाही की झालं. हल्ली मोबाईलमध्ये बोट फिरवून तारेसकट खांब पुसता येतो. मास्तर तसं करत नाहीत. मला स्वतःला विचाराल तर तार पुसायला माझी हरकत नाही. तारेला वाईट वाटत नाही. माणूस पुसायला मात्र मी जरा कचरतो, कारण तो पुसताना मास्तरांच्या खांद्यावरून डोकावून बघत असतो.

परदेशात हा छंद फार पुढे गेला आहे. अमेरिकेत योसेमिटीच्या एका खडकाळ घुमटावर एक वाकडा पाइन होता. वॉटकिन्सने त्याचा फोटो १८६७ साली काढला, ॲन्सेल ॲडम्सने १९४० साली. झाड १९७०च्या दशकातल्या दुष्काळात मेलं, पण वाळलेलं उभं होतं म्हणून लोक फोटो काढत राहिले, ते थेट २००३ साली कोसळेपर्यंत. आपल्याकडे हे शक्य नाही. वाळलेलं झाड पाव शतक उभं राहायला गावात चुली नसाव्या लागतात. न्यूझीलंडला वानाका तलावात एक जगप्रसिद्ध वाळुंज आहे, ते मुळात कुंपणाचा रोवलेला खुंट होतं. त्याला पालवी फुटली आणि त्याचं नशीब फुललं. आणि जपानमध्ये बिएई गावी एक कललेला पॉप्लर होता, त्याला लोक तत्त्वज्ञाचं झाड म्हणत. फोटोवाले एवढे आले की त्यांनी शेत तुडवलं. शेतकऱ्याने पाट्या लावल्या, खोडावर रंगाने मोठी फुली मारली, तरी ऐकेनात. झाड म्हातारंही झालं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत त्याने ते पाडून टाकलं. ही हकीकत मी पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याला सांगितली, तेव्हा झाडाबद्दल त्याने काही विचारलं नाही. "तुडवलं त्याची भरपाई भेटनी का?" एवढंच म्हणाला.

मे महिन्यात तरी झाडाखाली कुणी नसेल, असा मास्तरांचा एक सिद्धांत होता. उन्हाळ्यात रानात माणूस नसतो हे खरंच आहे. तो झाडाखाली असतो. चार मैलांत सावली तेवढीच, म्हणून मेंढपाळ, कुल्फीवाला, पंक्चर झालेला मोटारसायकलवाला आणि निवडणुका असल्या तर कार्यकर्ते, सगळे एका बुंध्याला टेकलेले. सातपुड्याच्या पायथ्याला जावं, तर तिथे मोहाची झाडं एकटी आणि डौलदार. पण मोह फुलतो मार्च-एप्रिलमध्ये, फुलं गळतात पहाटे, आणि ती वेचायला पावरा आणि भिल्ल बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन हजर असतात. फोटोवाल्यांचा जो सोनेरी तास, तोच मोह वेचायचा. झाडं कुणाकुणाची हे घराघरांत ठरलेलं असतं. मास्तर आपला कॅमेरा घेऊन उभे राहिले की त्या पोटभर हसतात. हा माणूस फुलं न वेचता झाडाखाली काय करतो, हे त्यांना कळत नाही, आणि हसण्यासारखं ते आहेच.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला तर आमचा साफ पराभव झाला. तिथल्या चैत्राम पवारांनी गाव हाताशी धरून उजाड डोंगरावर जंगल राखलं, वाढवलं. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आम्ही गेलो तर झाडंच झाडं. मास्तर लेन्स बदलून बदलून थकले. एका झाडाला वेगळं काढावं तर त्याच्या खांद्यावर दुसऱ्याची फांदी. परत येताना ते गाडीत पुटपुटले, "फारच गर्दी केली आहे हो यांनी." एवढी चांगली तक्रार मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

मास्तरांचा सर्वांत गाजलेला फोटो हिवाळ्यातला आहे. तापीकाठचं शिवार, मधोमध बाभूळ आणि तिला वेढून जमिनीलगत निळसर धुकं. जळगावात लोक विचारतात, असं धुकं आपल्याकडे पडतं? मास्तर म्हणतात, थंडीत पडतं. खरं सांगायचं तर बाभळीच्या मागच्या अंगाला भरिताची पार्टी चालू होती. बामणोदची वांगी वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजायला टाकली होती, मिरच्या-लसूण बडगीत ठेचायला घेतला होता, कळण्याच्या पुऱ्या तळायच्या होत्या, आणि दहिवरात भिजलेल्या पऱ्हाट्या पेटायच्या आधी धुरावल्या. मास्तरांनी कॅमेरा खाली घालून माणसं खोडाआड ठेवली आणि धूर तेवढा घेतला. फोटो झाल्याबरोबर आवाज आला, "मास्तर, या!" मग आम्ही दोघेही खोडाआड गेलो. त्या फोटोत नीट पाहिलं तर बाभळीच्या डाव्या अंगाला माझ्या चपलेचा अंगठा दिसतो, म्हणजे मास्तरांनी आणखी एकदा शटर दाबलं होतं.

हा फोटो पुढे व्हॉट्सॲपवर फिरला. त्यावर कुणीतरी 'शुभ सकाळ' लिहिलं, दुसऱ्याने एकटेपणावर चार ओळी टाकल्या, आणि एका वाड्यात त्याच बाभळीवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' छापून आलेली आम्ही पाहिली. भरीत खाणारे दहाजण मागे बसले आहेत, हे त्या मृतात्म्याला कळलं असतं तर तो उठून आला असता.

तर फोटो काढायला खान्देशात जरूर या. फेब्रुवारी सरता सरता सातपुड्याच्या अंगाला पळस फुलतो, पानं गळालेली असतात, झाड नुसतं केशरी असतं. लळिंगच्या कुरणात गवत सोनेरी झालेलं असतं. गाडी डांबरीवरच ठेवा. बांधावरून चाला, हरभऱ्यातून नको. मालक भेटला तर आधी राम राम करा, रस्ता जाणार नाही हे पहिल्या वाक्यात सांगा, चहाला नाही म्हणू नका. चहा झाला की तो आपणहून झाडाखाली जाऊन टोपी नीट करून उभा राहील. त्याला बाजूला सरकायला सांगू नका, तसाच फोटो काढा आणि एक प्रत कागदावर छापून त्याला पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲपवर पाठवाल तर त्याच्या टोपीवर 'शुभ सकाळ' येईल.